कटर अंगणात येताना

विळीला धार नसली की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. कोबीची पानं घसरतात, आपण जोर लावतो, आणि जोर लावला की बोट जातं. धारेची विळी सहसा घात करीत नाही, बोथट विळी करते. आज मला अशाच एका पात्याविषयी लिहायचं आहे. फक्त ते स्वयंपाकघरातलं नाही, झाडं तोडायच्या मशीनचं आहे. दुकानात त्याला चेनसॉ म्हणतात, पण आमच्या पनवेलपासून खाली कोकणात सगळीकडे लोक त्याला नुसतं 'कटर' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, "या बाईला दुसरा विषय मिळाला नाही वाटतं! लोणची-पापड सोडून हे काय काढलं?" पण मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. पावसाळा तोंडावर आला, परसातल्या आंब्याची फांदी शेजारच्यांच्या पत्र्यावर टेकली, म्हणून माणूस बोलावला. तो येतो तेव्हा घरात कोण असतं? घरधनी कामावर, मुलं कॉलेजात. दार आपण उघडतो, चहा आपण देतो. "वहिनी, हीच फांदी ना?" असं तो आपल्यालाच विचारतो. आणि देव न करो, काही वेडंवाकडं झालं तर ते आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांदेखत होतं. मग ज्या हत्यारासाठी आपण फाटक उघडतो, त्याच्याविषयी चार गोष्टी आपल्याला ठाऊक असायला नकोत का?

मला त्या ठाऊक झाल्या त्या आमच्या दुकानामुळे. जुन्या पनवेलीत आमचं दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. पाण्याचे पंप, शेतीचे फवारे, गवत कापायची मशीनं. आमचे हे कामावर बाहेर गेले की गल्ल्यावर मी बसते. पूर्वी कटर वर्षाकाठी दोन-चार यायचे, तेही लाकूडवाल्यांचे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं आणि सगळं बदललं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यांवर झाडं, तारांवर झाडं, घरांच्या कौलांवर झाडं. त्यात टाळेबंदीचे दिवस. रस्ते मोकळे करायला सरकारी पथकं कटर घेऊन उतरली, पण प्रत्येकाच्या वाडीत कोण येणार? ज्याला जमेल त्याने कुठून तरी कटर आणला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' येऊन गेलं. तेव्हापासून आमच्या दुकानात पंपांच्या बरोबरीने कटरही येऊ लागले.

सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि म्हणायचं, "शेठ नाहीत का?" मी म्हणायची, "शेठ नाहीत, पण कटर ठेवा." साखळीला धार लावायचं काम हळूहळू माझ्याकडेच आलं. ह्यांना इंजिनाची नाडी कळते, पण एकाच ठिकाणी बसून साठ-सत्तर दाण्यांची माळ ओढावी तसं काम करायचा धीर नाही. मला तांदूळ निवडायची सवय. दात आणि खडा यांत फारसा फरक नाही, दोन्हीकडे नजर ठरलेली लागते.

या हत्याराचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. त्याचा पूर्वज जंगलात जन्मलाच नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी बारीक दात्यांची, हाताने ओढायची साखळी-करवत वापरात आणली. अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाखालचा सांधा कापून वाट रुंद करण्यासाठी, आणि सडलेलं हाड काढण्यासाठी! वाचताना माझ्या तर अंगावर काटाच आला. लाकडाच्या कामाला साखळी लागली ती पुष्कळ नंतर. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. पण तिचे दात साध्या करवतीसारखे असत आणि लवकर बोथट होत. १९४६ साली अमेरिकेत जो कॉक्स नावाच्या माणसाने लाकूड फोडताना एक अळी बघितली. ती जिवंत लाकूड उभं-आडवं कसंही सहज कुरतडत होती. तिच्या जबड्याची ठेवण निरखून त्याने साखळीला वळणदार दात दिले. आज जगभर फिरणाऱ्या साखळ्यांना तेच वळण आहे. म्हणजे किड्यानेच माणसाला शिकवलं म्हणायचं!

आता मुद्द्याचं. कटर घ्यावा का? पहिलं माझं उत्तर असं की, वर्षातून दोनदा चार फांद्या छाटायच्या असतील तर घेऊ नये. मनगटाएवढ्या फांदीला चांगली हातकरवत पुरते. उंचावरच्या बारीक फांद्यांना लांब दांड्याची करवत मिळते, ती जमिनीवर उभं राहून चालवता येते. कोयता आहेच. ज्यांची खरोखर वाडी आहे, पडलेले बुंधे कापायचे असतात, त्यांनी कटरचा विचार करावा. त्यातही घर शहरात आणि विजेचं बटण हाताशी असेल तर विजेवरचा बरा. आवाज कमी, पेट्रोलचा वास नाही, बटण सोडलं की थांबतो. मात्र पावसात तो बाहेर काढायचा नाही आणि वायर साखळीच्या मागे ठेवायची. बॅटरीवरचे लहान कटर छाटणीला सोयीचे असतात. वाडीवर वीज नसेल तर पेट्रोलचा घ्यावा. ज्या लांबट पट्टीवर साखळी फिरते तिला 'बार' म्हणतात. घरच्या कामाला १४ ते १६ इंचांचा बार पुष्कळ झाला. काही मंडळी म्हणतात, पैसे तेवढेच तर मोठा का नको? पातेलं मोठं घेतलं तर एक वेळ भात उरेल. कटर मोठा घेतला तर हात लवकर दमतो, आणि दमलेल्या हातातच तो निसटतो.

घेताना तीन गोष्टी स्वतः बघा. पुढच्या मुठीच्या समोर ढालीसारखा ब्रेक असतो, तो पुढे ढकलला की साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. मागच्या मुठीत एक खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबला जाता कामा नये. आणि त्याची साखळी, बार, फिल्टर आपल्या गावात मिळतात ना, हे दुकानदाराला विचारा. स्वस्तातला अनोळखी कटर आणायचा आणि पुढच्या पावसाळ्यात एका नटासाठी तो अडगळीत टाकायचा, हे मी फार बघितलं आहे.

त्या ब्रेकविषयी मी एवढं आवर्जून का सांगते, त्याची एक गोष्ट आहे.

'निसर्ग'नंतरच्या त्या पावसाळ्यात नेऱ्याकडची एक तरुण बाई दुकानात आली. गोणपाटात गुंडाळलेला कटर तिने गल्ल्यावर ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "ताई, याचे किती येतील?" तिला बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं कळलं. नवऱ्याचं रोजंदारीचं काम टाळेबंदीत बंद पडलेलं. झाडं कापायला माणसं हवी आहेत, पैसे बरे मिळतात, म्हणून त्याने उसने पैसे काढून जुना कटर घेतला. पंधरा दिवस काम जोरात चाललं. सोळाव्या दिवशी कटर उसळला आणि मांडीवर आला. टाके पडले, माणूस खाटेवर. उसने पैसे डोक्यावर तसेच.

मी गोणपाट सोडलं. ब्रेकची ढाल बारीक तारेने मुठीला करकचून बांधलेली. "हे कोणी केलं गं?" म्हटलं. ती म्हणाली, "त्यांनीच. सारखा सारखा बंद पडायचा ना."

मैत्रिणींनो, तो बंद पडत नव्हता, तो सांगत होता. बारच्या टोकाचा वरचा भाग चालू साखळीनिशी लाकडाला टेकला की कटर उसळी मारून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्याच क्षणी ब्रेक पडावा म्हणून ती ढाल असते. ती वारंवार पडत होती, कारण तो माणूस टोकाने कापत होता. आणि टोकाने कापत होता, कारण साखळी इतकी बोथट होती की बारच्या मधल्या भागाने लाकूड कापलंच जात नव्हतं. दोन दात तर कुठल्या तरी खिळ्यावर आपटून उडालेले. म्हणजे बोथट धारेपासून मांडीच्या टाक्यांपर्यंत एक सरळ रेघ होती. मध्ये फक्त एक तार.

आमच्या ह्यांनी कटर उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "तीन-चार हजार येतील." घेणाराही दुसऱ्या दिवशी मिळाला असता. पण विकून तिचे पैसे अर्धेसुद्धा फिटले नसते, आणि तो कटर तसाच दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीपाशी गेला असता. मी ह्यांना बाजूला बोलावलं. तार काढली. ह्यांनी ब्रेक उघडून त्यातला भुसा साफ केला, नवी साखळी घातली. पैसे हप्त्याने ठरले. आणि मी तिला म्हटलं, "दोन दुपारी इथे येऊन बस. धार लावायला शिक. तुझा नवरा उठेल तेव्हा साखळी तुझ्या हातची असू दे."

ती आली. तिला शिकवलं तेच तुम्हाला सांगते. ज्यांच्या घरी कटर आहे त्यांनी हे कापून ठेवायला हरकत नाही.

कापताना लाकडाचे पातळ ढलपे उडाले पाहिजेत. रव्यासारखा बारीक भुसा पडायला लागला, जोर द्यावा लागला, धूर निघाला किंवा कापा एका बाजूला जाऊ लागला, की धार गेली असं समजावं. धारेला गोल कानस लागते. साखळी बघून ४, ४.८ किंवा ५.२ मिलिमीटरची. कोणती, ते मशीनच्या पुस्तकात किंवा साखळीच्या खोक्यावर असतं. अंदाजाने घेऊ नये. आधी मशीन बंद. पेट्रोलचं असेल तर प्लगची टोपी काढायची, विजेचं असेल तर वायर, बॅटरीचं असेल तर बॅटरी. हातात जाड मोजे. दातावर बहुधा तिरपी खूण असते, बहुतेक साखळ्यांना ३० अंशांची. त्या रेषेत कानस आतून बाहेर ढकलायची, परत ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात, तीन तर तीन. आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. दात लहान-मोठे झाले की कटर वाकडा चालतो. प्रत्येक दातापुढे एक लहानसा उंचवटा असतो. दात किती खोल घुसेल हे तो ठरवतो. साधारणपणे तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तीन-चार वेळा धार लावून झाली की तो मापपट्टीने तपासून चपट्या कानशीने किंचित उतरवायचा. जास्त उतरवला तर कटर आवरत नाही, म्हणून इथे घाई नको.

साखळीचा ताण मशीन थंड असताना बघायचा. साखळी बारच्या खालच्या अंगाला लागून बसली पाहिजे, आणि तरी हाताने ओढली तर सरकली पाहिजे. बांगडी हातात फिरावी पण गळून पडू नये, तशी! नवी साखळी पहिल्या दिवशी लांबते, तेव्हा दोन-तीनदा बघावी. काम संपल्यावर थोडी सैल करून ठेवावी, कारण गार झाली की ती आखडते.

पेट्रोलच्या कटरमध्ये नुसतं पेट्रोल कधी घालू नये. त्यात टू-स्ट्रोकचं तेल मिसळावं लागतं. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर १ लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. तेल विसरलं की पिस्टन जळून चिकटतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या 'मेलेल्या' कटरांचं दुखणं हेच असतं. साखळीचं तेल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी तीही भरायची. तेल येतंय का हे बघायला कटरचं टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता, धरून चालू करावं. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली म्हणजे ठीक. गाडीचं जळकं तेल काही लोक घालतात, ते घालू नये. त्यातल्या घाणीने बार झिजतो आणि तेच तेल आपल्या हाताला, झाडाला, मातीला लागतं. हवेचा फिल्टर कामाच्या दिवशी रोज झटकावा. बारची खाच साफ करून बार अधूनमधून उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. आणि पावसाळा संपून कटर माळ्यावर जायच्या आधी टाकी रिकामी करून, बंद पडेपर्यंत चालवावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. महिनोन्‌महिने राहिलं तर कार्बोरेटर बिघडलाच म्हणून समजा.

आणि हो, नारळाच्या बुंध्याने साखळी पटकन बोथट होते, चिंचेचं जून लाकूडही तसंच. फणसाच्या चिकाने ती माखते. नारळ कापायचा असेल तेव्हा कानस खिशात ठेवूनच निघावं.

हे झालं घरच्या कटरचं. बाहेरून माणूस बोलावताना काय बघायचं?

पहिलं म्हणजे परवानगी. शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. आपल्या परसातलं, आपण लावलेलं झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. आमच्या पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, ती २०१६ साली महानगरपालिका झाली, तेव्हा आम्ही अर्ज तिथे करतो. नुसत्या फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी विचारून घ्यावं. दुसरं, विजेची तार. फांदी तारेजवळ असेल तर महावितरणला कळवून वीज बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये. तिसरं, त्या माणसाचं सामान. डोक्यावर टोपडं, डोळ्यांवर चष्मा, कानांवर बोंडं, पायात बूट आहेत का? मांडीवर बांधायचे खास पट्टे मिळतात. त्यांच्यात लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि साखळी थांबते. आणि कमरेला दोर.

दोराचं नाव काढलं की हसतात. गेल्या वर्षी आमच्याच फणसाच्या फांद्या उतरवायला एक जण आला. एका हातात कटर, दुसऱ्या हाताने शिडी धरून वर निघाला. मी म्हटलं, "दादा, दोर बांधा, आणि कटर खाली ठेवा. वर हातकरवत न्या." तो म्हणाला, "वहिनी, बापजन्मी दोर नाही बांधला." शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अगं, करू दे की त्याचं त्याला, दुपार होईल!" मी म्हटलं, "होऊ दे दुपार. वेळेचे पैसे मी देईन, पण माझ्या झाडावर असं चढायचं नाही." तो रागावून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच ओळखीचा दुसरा आला, त्याच्याकडे दोर होता. त्याने प्रत्येक जाड फांदीला आधी खालून थोडा काप दिला, मग जरा पुढे वरून, म्हणजे फांदी तुटताना बुंध्याची साल सोलवटत नाही. उरलेला खुंट शेवटी. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले. त्या माणसाच्या घरीही कोणी तरी वाट बघत असतं, एवढं लक्षात ठेवलं की ते पैसे जड वाटत नाहीत.

वादळात पडलेल्या झाडाशी तर विशेष जपून. आडवं झालेलं झाड निपचित दिसतं, पण ते धनुष्यासारखं ताणलेलं असतं. चुकीच्या जागी कापलं की फांदी सुटून येते, कधी मुळांसकट बुंधा परत उभा राहतो. तिथे मुलांना फिरकू देऊ नका. आपणही पदर-ओढणी सावरून लांबच उभं राहावं.

नेऱ्याच्या त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचाराल म्हणून सांगते. तिचा नवरा चार महिन्यांनी कामाला लागला. पाय अजूनही जिना चढताना ओढतो, ते काही भरून आलं नाही. उसने पैसे मात्र फिटले. मे महिन्यात ती नवी कानस न्यायला येते. एकदा मी विचारलं, "काय गं, ऐकतो का तो तुझं?" ती म्हणाली, "न ऐकून कसं? कटर त्यांचा, पण साखळी माझ्याकडे असते. सकाळी मी बसवून देते, तेव्हाच ब्रेक बघते. ब्रेक पडला नाही तर साखळी परत डब्यात."

तुमच्याकडे कटर असो की कटरवाला येवो, त्या दिवशी चहाचं आधण ठेवण्याआधी पाच मिनिटं अंगणात जा. ब्रेक पाडून दाखवायला सांगा, दोर मागा, तार बघा. कोणी हसलं तर हसू द्या.